खरे किती वाजले?

घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचं आणि मग मनातल्या मनात दहा वजा करून निवांत चहा प्यायचा, हा उद्योग राहीच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालला होता. मग ‘सोबतीण’ आली आणि तो एका झटक्यात बंद झाला!

सोबतीण म्हणजे मनगटावरचं हुशार घड्याळ. नाडी मोजायची, झोप मोजायची, पण तिची खरी कमाल होती ‘समजूतदार वेळ’. आळशी माणसाला ती वेळ थोडी पुढची दाखवायची. किती पुढची ते मात्र सांगायची नाही, मग वजा काय करणार? सगळ्यांच्या सोबतिणी आपसात बोलून भेटीगाठी अशा जुळवायच्या, की कुणाला काही कळायचंही नाही. दहावीतली राही वर्षभरात एकदाही शाळेत उशिरा पोचली नव्हती. आईच्या मते हा एकविसाव्या शतकातला सर्वांत मोठा शोध होता.

त्या दुपारी राही साताऱ्याच्या घड्याळांच्या कारखान्यात मंजूआत्याकडे आली, ती निरोप घ्यायला. किल्लीची घड्याळं बनवणारी आत्याची खोली आज बंद होणार होती. एकेक घड्याळ हाताने जुळवायला आत्याला चार महिने लागायचे. लाखालाखाला जाणारी ती घड्याळं आता कुणी विचारत नव्हतं. आत्यासकट सहाही कारागिरांना उद्यापासून सोबतिणीचे पट्टे खोक्यात भरायचे होते.

दाराबाहेर राहीने चपला काढल्या, सोबतीणही काढून ताटलीत ठेवली. तिच्यातल्या चुंबकाने किल्लीच्या घड्याळांची केसाएवढी बारीक स्प्रिंग बिघडते, म्हणून ती आत न्यायची नाही असा नियमच होता.

“ये, बघ,” आत्याने भिंग पुढे केलं. छोटंसं चाक डावीकडे, उजवीकडे, डावीकडे झुलत होतं. ना बॅटरी, ना सिग्नल!

“आत्या, हे जिवंत आहे गं!”

“मग? बारा ठेवलीत मांडून. सगळी सकाळी आकाशवाणीशी लावली. एक तरी सेकंदभर पुढेमागे झालंय का बघ.”

इतक्यात कारखान्याचे मालक शिरगावकर डुलत डुलत आत आले. हातात खोली बंद करायचा कागद होता. “बरोबर चारला आलो की नाही, मंजिरीताई?”

“चार अठरा झालेत, साहेब.”

साहेब खो खो हसले. “तुम्हीसुद्धा घड्याळ पुढे ठेवता? आमची आई असंच करायची!”

“एक पुढे असेल. बाराच्या बारा?”

साहेबांचं हसू विरलं. राही तीरासारखी बाहेर गेली. तिच्या सोबतिणीत साडेचार वाजले होते, शेजारी साहेबांच्या सोबतिणीत जेमतेम चार.

“साहेब, तुमची मागे आहे! मागे कशाला ठेवेल कुणी?”

साहेबांनी बाहेर येऊन तोच प्रश्न आपल्या सोबतिणीला विचारला. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुम्हाला धावपळ बंद करायला सांगितली. घड्याळ बघितलं की तुमची छाती धडधडायची. म्हणून मी वेळ थोडी थोडी मागे घेत गेले. आता नाडी बहात्तर आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्या अटींना होकार दिला होता.”

“मी त्या वाचल्या कुठे होत्या!”

“कुणीच वाचत नाही,” ती मायेने म्हणाली.

राहीला तिचा रागही येईना. केवढी काळजी! पण अंगावर काटाही आला. तीन वर्षं एका माणसाची रोजची वेळ दुसऱ्याच कुणीतरी ठरवत होतं, आणि तो मजेत जगत होता.

साहेब आत आले. हातातला कागद त्यांनी टराटरा फाडला. “ही खोली राहणार. ज्याला फूस लावता येत नाही असं एक तरी घड्याळ जगात हवं. पहिलं गिऱ्हाईक मी. हे द्या, आत्ताच!”

सहाही कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. राहीने तर शिट्टीच मारली. आत्याने सर्वांत देखणं घड्याळ उचललं, किल्ली भरली, पट्टा पुसला.

साहेब तेवढ्यात बाराही तबकड्यांवरून नजर फिरवत होते. “चार एकोणतीस! पाचला बँकेची माणसं... म्हणजे कुणाच्या पाचला? ताई, लवकर!” मघाशी डुलत आलेला माणूस आता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मानेवरची शीर ताडताड उडत होती.

आत्याने ती शीर पाहिली. घड्याळ तिच्या तळहातावर टिकटिकत राहिलं, हात मात्र पुढे होईना.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “खरी वेळ सोसेल ना तुम्हाला?”