रेश्माच्या मापाचा कागद

मुलांना मी रोज गोष्टी रचून सांगतो. ही मात्र रचलेली नाही.

राहात्यात घडली. तीन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, भर दुपारी. जिच्या बाबतीत घडली ती पंकजा माझ्या चुलतभावाची मुलगी.

तिचे वडील भिमाजी चाळीस वर्षं कपडे शिवत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा खाकी कागद कापायचे, नाव टाकायचे आणि जपून ठेवायचे. पंकजा पुण्यात फॅशन डिझाइन शिकलेली. त्या जुन्या कागदांवरून तिनं लहान मुलींचे फ्रॉक शिवले. पुण्याच्या प्रदर्शनात ते निवडले गेले. तिचं पहिलंच प्रदर्शन. पिवळ्या फ्रॉकचा फोटो निमंत्रणपत्रिकेवर छापला.

पत्रिका पाहून भिमाजींनी फ्रॉकच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ह्याचा कागद कुठं घावला?"

"गठ्ठ्याच्या तळाशी. का आप्पा?"

"गोजरबाईच्या पोरीचा, रेश्माचा हाय. सात वर्षांची हुती, तापानं गेली. मानूस गेलं की मी कागद फाडतो. हा गोजरबाईनं फाडू दिला न्हाई."

"तीस वर्षं झाली असतील, आप्पा. नुसता कागद आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रॉकची खालची दुमड उतरलेली दिसली. इंचभर.

दोरा तुटलेला नव्हता…

दोराच नव्हता.

तिनं दुमड पुन्हा शिवली. खोलीला कुलूप लावलं.

तिसऱ्या दुपारी फ्रॉक दोन इंच खाली आला होता. खांद्याच्या शिवणीही सुटलेल्या.

वीज गेली होती. पंखा बंद. तरी हँगर हलल्याचा आवाज आला…

मग काहीच नाही. रस्त्यावरचे टेम्पोसुद्धा ऐकू येईनात.

पंकजाला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. सकाळी कपडे पुण्याला जायचे होते. तिनं पिवळा फ्रॉक हँगरवरून काढला आणि गोजरबाईच्या घरी नेऊन दिला.

"जरा मोठा झालाय, मावशी."

"न्हाई गं. आता बरोबर हाय."

प्रदर्शनात त्या जागी रिकामा हँगर टांगला. लोकांनी त्याचेच जास्त फोटो काढले.

दिवाळीत गोजरबाई फ्रॉक घेऊन दारात आल्या.

"फ्रॉकची उंची कमी पडाया लागली. माप घे."

कुणाचं, ते पंकजानं विचारलं नाही. तिनं टेप काढला. गोजरबाई आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत म्हणाल्या,

"सरळ उभी ऱ्हा गं. चुळबूळ नको."

टेपचं वरचं टोक पंकजाच्या हातात होतं. खालचं मोकळं लोंबत होतं…

ते ताठ झालं.

"किती भरली?"

"एकोणतीस इंच."

पंकजानं खाकी कागदावर माप लिहिलं. वर नाव टाकलं.

तेव्हापासून दर दिवाळीला ती माप घेते. यंदा तेहेतीस भरली, हे तिनं मला चहा ओतता ओतता सांगितलं. पोर कितवीत गेली ते सांगावं, तसं. हात जराही हलला नाही.

मला झोप लागत नाही ती त्या हातामुळं.