यादीतली पाचवी ओळ

दुपारचे तीन वाजले होते आणि तिला एवढंच करायचं होतं, लॅपटॉपला इंटरनेट जोडायचं. चार वाजता ऑनलाइन मुलाखत होती. लग्नापायी आधीची नोकरी सोडून दोन महिने झाले होते, आणि "आता कसली घाई आहे?" हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या मायेने विचारला होता, की आजची संधी हुकली तर तो पुन्हा कोणी विचारणारच नव्हतं; ती आता घरीच राहणार, असंच सगळे धरून चालले असते.

मोबाइलची रेंज फक्त गॅलरीत, तीही कठड्याला टेकून उभं राहिलं तर. तिथून तिने नवऱ्याला फोन लावला.

"बंद करून चालू कर," तो म्हणाला.

"केलं."

"मग... परत कर."

आणि हा इंजिनिअर!

घरातलं इंटरनेट सासऱ्यांच्या जुन्या लिनक्स संगणकातून फिरून सगळ्यांकडे जायचं. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, संगणक मात्र कोपऱ्यातल्या खोलीत अखंड घुमत होता.

"हात लावू नकोस गं त्याला," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "ह्यांनी वायरींनासुद्धा शिस्त लावली होती."

"आई, शिस्तीतच लावते."

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता, सासऱ्यांच्याच ठसठशीत अक्षरात. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तिने पिंग करून, म्हणजे बाहेरच्या एका संगणकाला हाक देऊन पाहिलं. बाहेरचं जग लगेच उत्तर देत होतं. म्हणजे लाइन ठीक होती. फक्त तिच्या लॅपटॉपला दारातच अडवलं जात होतं.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. एक यादी होती. त्यात नाव असलेल्यालाच इंटरनेट मिळायचं. सासरे, सासूबाई, नवरा, दीर. चार ओळी.

तिने पाचवी लिहिली, जतन केली, लॅपटॉप उघडला. जोडलं गेलं! ती उठणार, एवढ्यात ते तुटलं.

यादीत पुन्हा चारच ओळी होत्या.

तिने पुन्हा लिहिलं. मिनिटभराने ओळ गेली. ठरल्या वेळी आपोआप चालणारं एखादं काम असेल, म्हणून तिने शोधलं. काहीच नव्हतं. बाहेरून कोणी संगणकात शिरलंय का पाहिलं. ती एकटीच होती. शेवटी तिने भिंतीतून येणारी केबलच उपटली, ओळ लिहिली, आणि मनातल्या मनात साठ मोजले.

ओळ गेली.

म्हणजे पुसणारं बाहेर नव्हतं... इथेच होतं.

संगणकाच्या पंख्याची घरघर किंचित खाली आली, कोणीतरी ऐकायला श्वास रोखावा तशी. धुळीच्या वासात आता ओल्या केसांचा वास मिसळला होता. तिचे केस कोरडे होते. घड्याळात चारला दहा कमी होते.

आणि मग भीतीपेक्षा तिला रागच जास्त आला.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही असाल तर ऐका. मी पाहुणी नाही. मला या यादीत यायचंय, आणि मी येणार. तुम्ही पुसत राहा... मी लिहीत राहते."

तिने केबल खोचली आणि लिहिलं. पुसलं गेलं. लिहिलं. पुसलं गेलं. बोटं थांबत नव्हती. सातव्यांदा पुसलं गेलं तेव्हा तिने दात-ओठ खाऊन आठव्यांदा लिहिलं.

मिनिट गेलं. दुसरंही गेलं. ओळ जागच्या जागी होती.

मुलाखत पाऊण तास चालली. एकदाही अडखळली नाही. शेवटी समोरच्या बाई हसल्या. "सोमवारपासून या. आणि मघाशी मीटिंगमध्ये तुमच्या नावाने कोण येऊन बसलं होतं हो? साडेतीनपासून. कॅमेरा बंद. आम्ही विचारलं, तर नुसतं टाइप केलं, 'जागा धरून ठेवलीय.'"

साडेतीनला तिचा लॅपटॉप जोडलेलाच नव्हता.

सासूबाईंना तिने नोकरीचं सांगितलं आणि हेही सांगितलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "छे! हे आणि जागा धरणार? स्वतःच्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवून मोकळे झालेले."

ती कोपऱ्यातल्या खोलीत परतली. यादीत तिच्या ओळीखाली सहावी ओळ आली होती.

'आता माझी पाळी.'

तिने खुर्ची पुढे ओढली. पाय गारठले होते, तरी टाइप केलं, "नाव सांगितल्याशिवाय इथे कोणी येत नाही. मीसुद्धा नाही आले." जतन केलं आणि साठ मोजायला लागली.

चाळिसाव्या आकड्याला पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं, सावकाश, एका बोटाने टाइप केल्यासारखं. लहानपणी फक्त तिची आई तिला ज्या नावाने हाक मारायची, ते नाव. या घरात ते तिने अजून कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि समोरचं ते स्वतःचं म्हणून सांगत होतं.