तुटक रेघ

पहाटेचे पावणेसहा वाजले होते. दाराशी आलेली ती जागच्या जागी थबकली. बाहेर कोणीतरी होतं. गल्लीच्या तोंडापासून धपधप पावलं आली आणि नेमकी तिच्याच दारासमोर थांबली. मग भिंतीवरून हात फिरवल्याचा आवाज…

"बाबा," ती कुजबुजली, "कोणीतरी आपली भिंत चाचपतंय."

"चाचपू दे. भिंत काही कोणी उचलून नेत नाही," बाबा आतून म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

तिनं कोपऱ्यातली छत्री उचलली, साखळी तशीच ठेवून दार फटीएवढं उघडलं. उंबऱ्याशेजारी एक माणूस उकिडवा बसला होता. अर्धी चड्डी, घामानं भिजलेला सदरा, हातात लहानशी बॅटरी.

"काय हवंय? इथून पळा, नाहीतर ओरडेन!"

"पळतोच आहे हो… म्हणजे पळायलाच निघालोय. दोन मिनिटं थांबलो फक्त." त्यानं बॅटरीचा उजेड भिंतीतल्या एका दगडावर पाडला. दगडावर एक आडवी रेघ कोरलेली होती. "हे बघा. मोठ्या पुराचं पाणी इथवर आलं होतं. तुमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं."

"कधी?" तिचा आवाज चिरकला.

"झाली की शंभर वर्षं."

"मग असं काय सांगताय, आत्ताच चढतंय असं!"

तो हसला. "छत्री मारायची असेल तर मिटून मारा. उघडी मारली तर मोडते."

छत्री कधी उघडली होती ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिनं दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून ती उभी राहिली. छातीतली धडधड थांबायला बराच वेळ लागला, आणि त्यातली थोडी धडधड भीतीची नव्हती, हे तिला त्या दिवशी कळलं नाही.

ती शहराच्या नकाशे-दप्तरात कामाला होती. जुने कापडी नकाशे फाटायला आले की त्यांवर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवायची. शहरातली प्रत्येक गल्ली तिला तोंडपाठ होती, पण कागदावरची. खरी गल्ली म्हटलं तर घर ते दप्तर आणि दप्तर ते घर, एवढीच. आई एकदा सकाळी 'तपासून येते' म्हणून दवाखान्यात गेली, ती आलीच नाही. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून घरातलं माणूस बाहेर पडलं की ते वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीतून हलत नसे. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी तेच. बाबा म्हणायचे, "अगं, साबण आणायला चाललोय, लढाईवर नाही." ती हसायची, पण खिडकी सोडायची नाही.

पळणारा माणूस आठवडाभरानं दप्तरात उभा! या वेळी अंगात धुतलेला शर्ट होता आणि केस विंचरलेले. शहरातल्या पुराच्या खुणा कुठे नोंदवल्या आहेत का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"तुम्ही… छत्रीवाल्या!"

"आणि तुम्ही भिंतवाले."

"भिंतवाला पहाटे. दिवसा कवळीवाला." तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा. दिवसभर खोलीत बसून दुसऱ्यांचे दात घासायचे, म्हणून सकाळी पळायचं, असं त्याचं म्हणणं. नुसतं पळून कंटाळा यायला लागला, तेव्हा एकदा एका भिंतीत तो दगड दिसला. मग दुसरा दिसला. आता रोज एक नवी आळी धरायची आणि दगड शोधत पळायचं. तेवीस सापडले होते. "मला ती सगळी रेघ एका दमात पळायचीय. पाणी जिथं जिथं टेकलं होतं, तिथून तिथून. तेव्हा माणसं त्या रेघेच्या वर जीव घेऊन पळाली असतील. आपण निदान एकदा…"

"आपण?"

"मी. मी निदान एकदा." आणि मग जरा थांबून, "तुमचा वरचा डावा सुळा किंचित पुढे आहे. सरळ करून घेऊ नका कधी."

"असं कुणी बोलतं का हो पहिल्या भेटीत?"

"दुसरी आहे."

नकाशे बाहेर न्यायची परवानगी नव्हती. उतरवून द्यायची होती. तिनं त्याला पुराच्या रेघेचा सगळा मार्ग उतरवून दिला. एका कागदाचं काम चार दिवस पुरवलं. तो रोज संध्याकाळी 'झालं का' विचारायला यायचा, आणि ती 'थोडं राहिलंय' म्हणायची. रंगारी आळीतला दगड न्हाव्याच्या आरशामागे आहे, घड्याळ-चौकातल्या दगडावर कोणीतरी खिळा ठोकून पिशवी अडकवतं, असं काहीबाही तो सांगत राहायचा. ती ज्या गल्ल्यांची रुंदी सांगू शकत होती, त्यांचा वास तो सांगायचा.

रोज पहाटे पावणेसहाला तो तिच्या दारावरून जाऊ लागला. थांबायचा नाही. उंबऱ्याशेजारच्या दगडाला हात लावायचा आणि पुढे जायचा. ती आत अंधारात उभी राहून पावलं मोजायची. एका सकाळी पावलं आली नाहीत. सहा वाजले, सव्वासहा वाजले. तो साडेसहाला आला, बुटाची नाडी तुटली होती एवढंच. पण त्या पाऊण तासात तिला जे कळायचं ते कळलं, आणि ती फार घाबरली. आता खिडकीतून बघायला आणखी एक पाठ झाली होती.

म्हणून शनिवारी नकाशा हातात देताना ती तुसडेपणानंच बोलली. "घ्या. झालं आता काम. उद्या रविवार, पळा काय पळायचं ते."

"उद्या सहाला पुलापासून निघतो. संपल्यावर… दप्तर तर बंद असेल. घरी आलो तर चालेल? बाबांशी बोलायचं होतं."

"बाबांशी काय?"

"आधी पळून तर येऊ द्या," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तिनं 'चालेल' म्हटलं नाही. 'नको'ही म्हटलं नाही.

रविवारी धुकं होतं. बाबा चहा घेत बसले होते. तिनं स्वतःसाठी नकाशाची एक प्रत करून घेतली होती, ती टेबलावर पडली होती. तो आज या वाटेनं पळणार, हे तिनं बाबांना सांगितलं होतं. बाबांची उभी हयात मोजणी-खात्यात जमीन मोजायची साखळी ओढण्यात गेलेली. त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं.

"रंगाच्या कारखान्यामागची ही तुटक रेघ काय आहे?"

"पायवाट. दोन भिंतींच्या मधून जाते."

"कुठल्या नकाशावरून घेतलीस?"

"बाकी सगळं नव्या नकाशावरून. तेवढा तुकडा नव्यात नव्हता, म्हणून जुन्या कापडी…" ती बोलता बोलता थांबली.

नव्या नकाशांत तुटक रेघ म्हणजे पायवाट. जुन्या कापडी नकाशांत तुटक रेघ म्हणजे झाकलेलं गटार. खुणांचा तक्ता कोपऱ्यात असतो, आणि तो उतरवल्याशिवाय नकाशा द्यायचा नाही, हा दप्तरातला पहिला धडा. चार दिवस तिनं रेघा उतरवल्या होत्या, मन भलतीकडे ठेवून. तक्ता उतरवलाच नव्हता.

"त्यावर फळ्या आहेत," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मी खात्यात होतो तेव्हाच कुजल्या होत्या. आणि आज रविवार." त्यांनी घड्याळ बघितलं. साडेसहाला दोन मिनिटं कमी. "रविवारी सातला पाण्याचा वरचा दरवाजा उघडतात. गटार धुवायला पाणी सोडतात."

"फोन…"

"पळताना फोन घेतो का तो?"

घेत नव्हता. फोनमुळे दगड चुकतात म्हणायचा.

"तू कारखान्याकडे जा, मी दरवाजावर जातो," म्हणत बाबांनी सायकल काढली. त्यांच्या गुडघ्याचं आठवून तिच्या तोंडून 'बाबा, तुम्ही…' एवढंच निघालं. ते वळणाआड जाईपर्यंत थांबायला आज वेळ नव्हता. ती पळत सुटली.

ती शाळा सुटल्यापासून कधी पळाली नव्हती. दुसऱ्याच वळणावर चप्पल तुटली, तिनं दोन्ही तिथंच टाकल्या. कागदावर बोटभर असलेली आळी संपता संपेना. छातीत सुया टोचत होत्या. धुक्यातून एक इस्त्रीवाला दिसला.

"इकडून… कोणी… पळत?"

"तो दगडाला हात लावणारा? झाली की पाच-दहा मिनिटं. काय चोरलं त्यानं?"

उत्तर द्यायला दम नव्हता. कारखान्याच्या मागच्या फाटकाशी रखवालदार शेकत बसला होता. ती त्याला ओलांडून दोन उंच भिंतींच्या फटीत शिरली. आत जमिनीवर काळ्या फळ्या. वीस पावलांवर एक फळी मधोमध मोडलेली, आणि मोडलेली जागा ताजी, पिवळी.

"अहो!" ती ओरडली. तिचाच आवाज भिंतींवरून परत आला. "अहो… आहात का?"

काहीच नाही. तेवढ्या वेळात तिनं सगळं बघून घेतलं. पांढरी चादर, दवाखान्याची पायरी, रिकामी गल्ली…

"आहे," खालून आवाज आला. "नकाशा ओला झाला तेवढा."

ती पोटावर पालथी पडली. खाली अंधार आणि कुबट वास. तो पुरुषभर खोल खड्ड्यात भिंतीला टेकून उभा होता, गुडघ्याएवढ्या पाण्यात. चेहरा पांढरा फटक पडलेला.

"पाय अडकलाय. दगड सरकलाय घोट्यावर."

"माझी चूक आहे. मी तक्ता उतरवला नाही. ही पायवाट नाही, गटार आहे."

"ते आलं लक्षात," तो म्हणाला. "वासावरून."

"हसवू नका! सात वाजता पाणी सोडणारेत." तिनं मागे वळून जिवाच्या आकांतानं रखवालदाराला हाक मारली. तो फटीच्या तोंडाशी आला.

"पहार आणा! माणूस अडकलाय खाली!"

"तुमचे मिस्टर का?"

"हो! पळा!"

खालचा माणूस म्हणाला, "मला आधी सांगायचं तरी."

तिनं हात खाली सोडला. त्यानं तो धरला. त्याची बोटं बर्फासारखी होती आणि पकड इतकी घट्ट की तिची बोटं दुखली. म्हणजे तोही घाबरला होता. हे कळल्यावर तिला विचित्र धीर आला.

कारखान्याचा सातचा भोंगा झाला.

आधी नुसता वारा आला, ओला, गार. मग दूरवरून खळखळ. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं.

"मागे व्हा," तो म्हणाला. "तुमच्याखालची फळीही कुजकी आहे. करकरतेय."

"नाही."

"हात सोडा. ऐका माझं."

"नाही म्हटलं ना! माझं एक माणूस गेलं तेव्हा मी घरी बसून वाट बघत होते. मला परत घरी बसून वाट नाही बघायची. तुम्ही बाबांशी काय बोलणार होतात?"

"आत्ता?"

"आत्ता!"

पाणी बरगड्यांना लागलं. "की… तुमची मुलगी मला आवडते. आणि ती फार घाबरते, म्हणून मी जपून पळेन."

"जपून? हे जपून?" ती रडत होती आणि तिला हसूही येत होतं, दोन्ही एकदम. "मलाही… मलाही आवडता तुम्ही. म्हणून तर भीती वाटते, कळत कसं नाही?"

रखवालदार धापा टाकत आला. पहार घेऊन खाली उतरला, शिव्या देत चाचपू लागला. पाणी छातीशी आलं… आणि तिथं थांबलं. खळखळ मंदावली. मग बंदच झाली. वरच्या दरवाजावर कोणीतरी वेळेत, अगदी जेमतेम वेळेत, पोचलं होतं. दगड हलला. दोघांनी ओढून त्याला वर घेतलं.

फाटकाशी रखवालदाराच्या शेकोटीजवळ ते बसले. त्याचा घोटा फुगून निळा झाला होता. तिची दोन्ही पावलं सोलवटली होती. ती एकदम हुडहुडायला लागली. मघाची भीती आत्ता बाहेर पडत होती.

"गेली का भीती?" त्यानं विचारलं.

"नाही. जाईल असं वाटत नाही." तिनं आगीकडे बघत सांगितलं. "तुम्ही असाल तोवर राहील ती. मला चालेल."

धुक्यातून सायकलची घंटी वाजली. बाबा येत होते, सायकल हातात धरून, लंगडत, घामाघूम. त्यांनी आधी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग त्याला, मग दोघांच्या एकमेकांत धरलेल्या हातांकडे. आयुष्यभर अंतरं मोजलेल्या त्या माणसानं हेही अंतर नजरेनं मोजलं.

"दरवाजावाला ऐकत नव्हता," शेवटी ते म्हणाले. "म्हणाला, लेखी हुकूम आणा. मग मीच चाक फिरवलं." आणि घसा खाकरून, "चला, पाय दाखवून येऊ आधी. सायकलवर बसवतो याला. पण मग पुढे? याला याच्या खोलीवर सोडायचं ना?"

तो काही म्हणणार होता, पण ती आधीच उठली होती. तिनं त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्याला उभं केलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "घरी."