दुहेरी हातमोजे

विजयेंद्रने विशालाक्षीचं भरलेलं ताट भिंतीवर भिरकावलं, आणि सरस्वतीपुरमच्या त्या छोट्या घरातला रविवार एका क्षणात विस्कटून गेला… साराचे ओघळ भिंतीवरून खाली येत होते, आणि आईमागे ज्याला तिने 'मगा', म्हणजे लेकरा, म्हणत घास भरवून वाढवलं, तोच धाकटा दीर दोन्ही हातांत हातमोज्यांचे दुहेरी थर चढवून तिच्यापुढे उभा होता!

"ह्या गोळ्या तुझ्या कपाटात कशा?" त्याने बाटली तिच्या डोळ्यांपुढे नाचवली. "मी लॅबमध्ये काम करतो, वैनी. एचआयव्हीच्या गोळ्या मला कळतात!"

विशालाक्षीने दाराशी थिजलेल्या सहनाकडे, त्याच्या बायकोकडे, पाहिलं. सहना त्याच्याच हॉस्पिटलात नर्स होती. गेल्या आठवड्यात एचआयव्ही असलेल्या एका बाईचं रक्त घेताना तिला सुई टोचली. गोळ्या तिथेच, खालच्या मजल्यावर मिळत होत्या. पण जायला ती धजेना. तिथे गेलेल्याचं नाव संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोचायचं, आणि त्या नावावर सर्वांत मोठ्याने हसायचा तो तिचा नवराच! शेवटी विशालाक्षीनेच तिला त्याच दिवशी दूर हुणसूरच्या दवाखान्यात नेलं. महिनाभर न चुकता घेतल्या तर धोका बहुतेक टळणार होता… बाटली तेवढी विशालाक्षीने आपल्या कपाटात ठेवली होती.

"माझ्याच आहेत," ती म्हणाली.

"दादाला जाऊन इतकी वर्षं झाली! मग कुणाकडून आणलास हा रोग? बोल!"

ते शब्द तिच्या काळजात सुरीसारखे शिरले… तरी सहनाचं नाव तिने सांगितलं नाही. पण तो बाटली घेऊन संडासाकडे वळला, तशी ती वाघिणीसारखी झेपावली आणि त्याच्या मनगटाला लोंबकळली.

"मला मार, पण ती दे!"

त्याने तिला भिंतीवर आपटलं, केस धरून ओढलं, ती सोडेना. मग त्याची मूठ तिच्या चष्म्यावर बसली. काच फुटली, भुवई फाटली, रक्ताची धार गालावर उतरली…

"अय्यो!" किंकाळी मात्र त्याची होती. काचेने हातमोज्यांचे दोन्ही थर फाडून त्याचं बोट कापलं होतं. बाटली टाकून तो नळाकडे धावला. "तिचं रक्त माझ्यात गेलं! सहना, चावी आण, गाडी काढ!"

"आपल्या हॉस्पिटलात जाऊ," सहना म्हणाली.

"तिथं नको! तिथं सगळे ओळखतात मला! येलवालला, हुणसूरला, कुठंही चल…"

"मीसुद्धा हेच म्हटलं होतं हो!" सहनाचा बांध फुटला. "सुई मला टोचली, त्या गोळ्या माझ्या आहेत! अक्कांना काही झालेलं नाही. मी रोगाला नाही, तुम्हाला भ्याले!"

नळ वाहत राहिला. विजयेंद्र भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"म्हणजे… वैनी, तुला काही नाही? देवा, वाचलो मी!"

तो सुटकेचा निःश्वास विशालाक्षीला त्या ठोशाहून खोल लागला.

"नाही रे मला काही," विशालाक्षी म्हणाली. "पण हा रोग असता, तर? तर काय मी तुझी वैनी नव्हते?"

खालमानेने तो पलंगाखाली सरपटत गेला, घरंगळलेली बाटली काढली आणि एक गोळी सहनापुढे धरली. "घे. उद्यापासून आपल्याच हॉस्पिटलात. मी येतो बरोबर… हसू देत कुणाला हसायचं ते." आणि मग एकाएकी तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

सहनाने गोळी घेतली. मग त्याच्या बोटाला पट्टी बांधून तिने नवे हातमोजे पुढे केले.

"हे घाला आणि अक्कांची जखम पुसा. एकच जोडी. सगळ्या पेशंटसाठी घालतात तेवढीच."

त्याने कापूस उचलला. त्याचा हात वर येताच विशालाक्षीचं अंग नकळत आक्रसलं… ते पाहून तो तिथेच थांबला, पुढे येण्याचं धैर्य त्याला होईना. कितीतरी वेळ तो हात तसाच अधांतरी राहिला.

मग तिनेच आपलं कपाळ पुढे केलं.

"हळू रे, मगा… दुखतंय."