चार दहाचा काटा

बाळांनो, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी डोळ्यांसमोर आणा. आत पाऱ्यासारखा वितळलेला धातू. तिची डावी भिंत गरम, उजवी गार. डावीकडचा धातू तापून हलका होतो आणि वर चढतो. उजवीकडे निवतो आणि खाली उतरतो. दिवसभर गोल गोल. शेजारचं मोठं चुंबक सुरू केलं, की हे फिरणं जवळजवळ थांबतं. मग उष्णता पलीकडे जात नाही आणि डावी भिंत तापतच राहते.

एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं घडलेलं आहे. पदरचं मी काही घातलेलं नाही.

त्या बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत दोघीच होत्या. आत्या आणि तिची दहा वर्षांची भाची, चिमणी.

आत्याला चुंबक बंद ठेवून आठ तासांची सलग नोंद हवी होती. सोमवारी काम फसलं. मंगळवारीही.

दोन्ही दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी डावी भिंत तापायला लागली... आणि ऐंशी अंशांवर हीटर आपोआप बंद पडला.

उद्या खोली रिकामी करायची होती. मास्तरांचं पंधरा वर्षांचं काम या एका नोंदीवाचून अडलं होतं.

मास्तर म्हणजे आत्याचे गुरू. रोज चार दहाला ते चुंबक सुरू करायचे आणि पेटीला म्हणायचे, "निजा आता." चहा पिऊन आले की चुंबक बंद. "उठा, झाला चहा."

"धातूला ऐकू येतं का हो, मास्तर?" चिमणी विचारायची.

"तुझ्या आत्यापेक्षा बरं येतं."

गेल्या महिन्यात ते चहाला गेले, ते परत आलेच नाहीत. हातात कप होता म्हणे.

दाराशी लाकडी खुंट्या होत्या. चुंबक खेचून घेईल म्हणून सगळे आपापल्या किल्ल्या तिथे अडकवत. मास्तरांची किल्ली अजून तिथेच होती.

"आज चुंबकाचा प्लगच काढते," आत्या म्हणाली. तिने वायर गुंडाळून चिमणीच्या मांडीवर ठेवली. "धर घट्ट. बघू कोण सुरू करतंय."

चार वाजून नऊ. डाव्या भिंतीच्या तापमानाचा काटा एकावन्नवर.

चार दहा.

चहाच्या खोलीत... बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला.

त्या खोलीला कुलूप होतं.

काटा हलला. चोपन्न. एकोणसाठ.

"आत्या... किल्ली बघ."

मास्तरांची किल्ली पेटीकडे तिरकी झाली होती. बाकीच्या किल्ल्या सरळ लोंबत होत्या.

वायर चिमणीच्या मांडीवरच होती. गारठलेली.

"हीटर बंद करू?"

"थांब." आत्या काट्याकडे झुकली. "अजून कुठे ऐंशी झालेत?"

एकाहत्तर. शहात्तर.

"आत्या, मास्तर गेले त्या दिवशी चुंबक कोणी बंद केलं?"

"मीच."

"तेव्हा पेटीला काही म्हणालीस?"

"काय म्हणणार? रडत होते मी."

एकोणऐंशी.

चिमणी पेटीपाशी वाकली.

"उठा," ती म्हणाली, "झाला चहा."

काटा थांबला... मग हळूहळू उतरू लागला.

सहा वाजता नोंद पुरी झाली. आत्या मान खाली घालून लिहीत होती. तिने वर पाहिलंच नाही.

किल्ली अजून तिरकीच होती. पण आता पेटीकडे नाही... मास्तरांच्या रिकाम्या स्टुलाकडे.

चिमणीने ते पाहिलं. तिने स्टूल हळूच पेटीजवळ सरकवलं, आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.