क्रुसाखालचा रांजण

सह्याद्रीच्या माथ्यावर तांबडे फुटले, खाडीवरचे धुके विरले आणि कर्णदुर्गाच्या पश्चिम बुरुजावरून गनिमाची अकरा गलबते काल होती तिथेच नांगरलेली दिसली, तेव्हा पाण्याच्या टाक्याची किल्ली कमरेला बांधलेल्या बस्त्यावने मान खाली घातली.

वेढ्याला चाळीस दिवस झाले होते. बस्त्याव वसईकडचा ख्रिस्ती गोलंदाज. गडावर त्याचे जातीगोतीचे कोणी नाही, म्हणजे तो कुणाची तरफदारी करणार नाही, असे जाणून किल्लेदार रायाजीराव मोकाशांनी पाण्याची वाटणी त्याच्या हाती सोपवली होती. रोज सकाळी तो टाके उघडी, छातीवर क्रुसाची खूण करी आणि साठ तहानलेल्या माणसांना सांगे, "देवावर भरवसा ठेवा. आज दिलं, तो उद्याही देईल." माणसे त्या एका वाक्यावर दिवस काढीत. आणि हा शहाणा मात्र उद्याच्या धास्तीने रोज एक तांब्या आपल्या खोलीत, क्रुसाखाली पुरलेल्या रांजणात गुपचूप ओतून येई.

काल जखमी सटवाजीने त्याचा हात धरला होता. "बस्त्यावदादा, येक घोट मिळंल का रं?"

"वाटणी झाली, सटवा. देवाला आळव," बस्त्याव म्हणाला होता. दिवस मावळायच्या आत सटवाजी गेला.

आज टाक्याचा तळ उघडा पडला. दोन प्रहरापर्यंत दरवाजा उघडाल तर जीवदान देऊ, असा गनिमाचा निरोप घेऊन वकील सदरेबाहेर ताटकळत होता. रायाजीराव म्हणाले, "सांजेच्या भरतीला आपलं आरमार येतं, असा खलिता आहे. पण या उन्हात कोरड्या घशानं माणसं तोफेपाशी उभी राहायची नाहीत. बस्त्याव, तुमचा शब्द आम्ही प्रमाण मानतो. गडावर पाणी उरलं आहे?"

नाही म्हटले की सुटला असता. होय म्हणणे म्हणजे कडेलोट. बस्त्यावच्या डोळ्यांपुढे सटवाजीचे फुटलेले ओठ आले आणि त्याला स्वतःची शिसारी आली. किल्ली सोडून त्याने किल्लेदारांच्या पायाशी ठेवली.

"आहे, सरकार. रांजणभर. तुम्हा सर्वांना देवाचा हवाला दिला, अन् मी मात्र चोरी केली."

कुणाची तरी तलवार सपकन म्यानाबाहेर आली. "आधी पाणी," रायाजीराव गरजले, "मग न्याय! वकिलाला वाटेला लावा."

माणसांना दोनदोन घोट मिळाले. बस्त्यावने थेंबाला स्पर्श केला नाही. दिवसभर तो गोळ्यांच्या माऱ्यात पश्चिम बुरुजावर तोफ डागत राहिला. आता मागे काहीच राखलेले नव्हते. भरवसा ठेवणे किती अवघड असते, ते जन्मात पहिल्यांदा त्याला कळत होते. सांजेला भरती चढली आणि भरतीबरोबर आरमाराची शिडे दिसली. वेढा उठला.

दुसऱ्या सकाळी तो आपण होऊन कड्यापाशी जाऊन उभा राहिला. "सरकार, शिक्षा."

रायाजीरावांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "कडेलोट केला तर तुम्ही सुटाल. आरमारानं पिंपं आणली आहेत. वाटा."

रांग लागली. नेहमीचे वाक्य त्याच्या ओठांवर आले नाही. पहिला गेला, दुसरा, तिसरा. चौथ्या जागी सटवाजी उभा राहत असे. माणसांनी ती जागा मोकळी ठेवली होती. बस्त्यावने माप भरले आणि ते हातात धरून तो तसाच उभा राहिला.