गोळ्यांचा डबा

रात्रीचे साडेदहा. गच्चीवरचा दिवा गेलेला. "घाबरणाऱ्यांनी खाली जावं," चिंतामणकाका म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी गेले नाही. जिन्यातही अंधारच होता.

"माझ्या ऑफिसातला शेखर. २०२३, पाच डिसेंबर, मंगळवार. रात्री पावणेनऊला तो देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात बीपीचं मशीन परत करायला गेला. बायको, मालिनी, बीपी वाढून वारली त्याला पंधरा दिवस झाले होते. मशीन दवाखान्यानंच घरी वापरायला दिलेलं. माणसंच तशी. डॉक्टर आल्हाद पेशंटचं पूर्ण ऐकून घ्यायचे. नातेवाईक मध्ये बोलला की त्याला बाहेर बसवायचे. काउंटरवरची तेजश्री रोज संध्याकाळी फोन करायची, 'काकू, गोळी घेतली ना?' मालिनी सांगायची, 'घेतली गं. हे स्वतः हातावर ठेवतात.'

"ती खरंच घ्यायची. पण बीपीच्या गोळ्यांनी किडन्या जातात, असं शेखरच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं. डबा तोच भरायचा. दोन महिने त्यानं त्या गोळ्या काढून साध्या व्हिटॅमिनच्या ठेवल्या. मशीनचे आकडे दवाखान्याला मनचेच कळवायचा. कुणाला बोलला नाही. तिलाही नाही."

"शी! असला कसला नवरा?" माझ्या शेजारी बसलेली पूजा म्हणाली.

"जीव होता गं त्याचा तिच्यावर. तेच तर... असो. दवाखान्यात बाकं रिकामी. तेजश्री फायली आवरत होती. मान वर न करताच म्हणाली, 'बसा शेखरकाका, आत पेशंट आहे.' आतून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"'हं... केव्हापासून?'

"शांतता.

"'बरं... आणि डबा कोण भरायचं?'

"शांतता.

"शेखरनं विचारलं, 'आत कोण आहे?'

"'शेवटच्या काकू...' तेजश्री थांबली. 'पण... नंबर कुणी दिला त्यांना?'

"तो उठला. दार ढकललं. डॉक्टर एकटे. समोरची खुर्ची रिकामी. डॉक्टर खुर्चीकडेच बघत होते. मान न वळवता म्हणाले, 'तुम्ही बाहेर थांबा. त्यांचं व्हायचंय अजून.'"

मी पूजाचा दंड घट्ट धरला होता.

"मग?" मी विचारलं.

"पळाला. माझ्याकडे येऊन सगळं सांगून मोकळा झाला. वीस वर्षं मी त्या माउलीच्या हातचं जेवलोय... त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"सकाळी मीच दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, 'काल साडेआठनंतर पेशंटच नव्हता. मी एकटाच होतो.' आदल्या दिवशी तपासलेल्यांच्या केसपेपरचा गठ्ठा तेजश्रीनं पुढे सरकवला. सगळ्यात वर मालिनीचा. तारीख पाच डिसेंबर. अक्षर डॉक्टरांचं. त्यांनीच ओळखलं. एकच ओळ होती...

"'रुग्ण विचारते, ह्यांनी मला का नाही सांगितलं?'"